वाचकांचे प्रश्न : जुनी हीटिंग यंत्रणा दुरुस्त करावी की बदलावी?

घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. कोणाकडे गरम हवेची फर्नेस आहे, कोणाकडे रेडिएटरना पाणी पुरवणारा बॉयलर आहे, तर कोणाकडे बाहेरच्या हवेतील उष्णता विजेच्या साह्याने घरात आणणारा हीट पंप आहे. परंतु जुन्या यंत्रावर आणखी खर्च करावा की ते काढून नवे बसवावे, हा पेच सर्वांचा आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे गॅसवर चालणारी आणि गरम हवा नलिकांवाटे खोल्यांत सोडणारी फर्नेस आहे. ती आता १८ वर्षांची झाली. यंदा थंडी सुरू होताच ती पेटायची आणि काही सेकंदांतच बंद पडायची. तपासणीस आलेल्या तंत्रज्ञांनी ज्योत ओळखणारा सेन्सर खराब झाल्याचे सांगितले. पण त्याच दमात, ‘हीट एक्सचेंजरलाही तडा गेलेला दिसतो, एवढ्या जुन्या यंत्रावर आता खर्च करू नका, नवीनच घ्या,’ असेही सुचवले. घरात वयस्कर सासूबाई आहेत. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या तंत्रज्ञांनी दोन अगदी निराळ्या गोष्टी एकाच वाक्यात बांधून आपल्यापुढे ठेवल्या आहेत. त्या आधी सुट्या करायला हव्यात, कारण त्यांतली पहिली किरकोळ आहे आणि दुसरी, ती खरी असेल तर, जिवाशी संबंधित आहे.

सेन्सर म्हणजे बर्नरच्या ज्योतीत शिरलेली धातूची एक बारीक कांडी. ज्योतीतील विद्युतभारित कणांमुळे या कांडीतून अतिशय क्षीण, म्हणजे मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागतो इतका, प्रवाह वाहतो आणि तो मिळत आहे तोवर गॅस पेटलेला आहे असे नियंत्रक धरून चालतो. कांडीवर ऑक्साइडचा पातळ थर साचला की हा प्रवाह तुटतो, नियंत्रकाला ज्योत ‘दिसत’ नाही आणि तो गॅस बंद करतो. नियंत्रकाची यात काही चूक नाही. न जळलेला गॅस घरात साठू नये म्हणूनच त्याची नेमणूक आहे. पेटून काही सेकंदांत विझणे हे आपण लिहिलेले लक्षण या दोषाचे नेहमीचे लक्षण आहे. कांडी काढून हलक्या हाताने घासून स्वच्छ केली की बहुधा काम भागते, आणि न भागल्यास कांडी बदलता येते. फर्नेस २ वर्षांची असो वा १८ वर्षांची, एवढ्यासाठी ती कोणी मोडीत काढत नाही.

हीट एक्सचेंजरचे प्रकरण वेगळे आहे. या पत्र्याच्या कप्प्यांच्या आतून जळालेल्या गॅसचा धूर जातो आणि बाहेरून घरातली हवा वाहते. या दोहोंमध्ये आडवी असते ती फक्त धातूची एक पातळ भिंत. प्रत्येक वेळी फर्नेस पेटली की ती भिंत प्रसरण पावते आणि विझली की आकुंचन पावते. हे हजारो वेळा झाल्यावर वाकणांपाशी किंवा सांध्यांपाशी तडा जाऊ शकतो आणि मग धुरातील कार्बन मोनॉक्साइड घरातल्या हवेत मिसळण्याचा धोका उभा राहतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो, आणि त्याची सुरुवातीची लक्षणे, म्हणजे डोकेदुखी, चक्कर, मळमळ, ही हिवाळ्यात कोणालाही होणाऱ्या सर्दी-तापासारखीच भासतात. घराबाहेर पडल्यावर बरे वाटते आणि परत आल्यावर पुन्हा डोके धरते, असा अनुभव येत असेल तर तो गांभीर्याने घ्यावा. वयस्कर आणि हृदयविकाराच्या व्यक्तींना या वायूचा त्रास अधिक लवकर होतो, म्हणून आपल्या घरात याबाबत जराही सैलपणा नको.

म्हणूनच ‘तडा गेलेला दिसतो’ या शब्दांवर थांबू नये. तडा असेल तर तो दाखवता येतो. लवचिक नळीच्या टोकावरील कॅमेऱ्याने आतला भाग पाहता येतो, त्याचे छायाचित्र घेता येते. ते आपल्याला दाखवावे अशी स्पष्ट मागणी करावी. बाहेर जाणाऱ्या धुराचे मापकाने विश्लेषण करून त्यातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण लेखी द्यायला सांगावे. आणखी एक साधी खूण आहे : घरात हवा ढकलणारा पंखा बर्नर पेटल्यानंतर थोड्या वेळाने सुरू होतो, आणि तो सुरू होताक्षणी निळी, स्थिर ज्योत थरथरू लागली, एका बाजूला कलली किंवा पिवळी पडली, तर पंख्याची हवा कोठून तरी आत घुसत असल्याची शंका घ्यायला जागा आहे. ही खूण म्हणजे पुरावा नव्हे, पण कॅमेऱ्याने कोठे शोधायचे हे ती सांगते. शक्य असल्यास ही दुसरी तपासणी अशा व्यक्तीकडून करून घ्यावी, जिला आपल्याला नवे यंत्र विकायचे नाही. पहिल्या तंत्रज्ञांच्या हेतूविषयी मला काहीच म्हणायचे नाही. परंतु रोगनिदान आणि विक्री एकाच हातात असली की दुसरे मत घेणे हा अविश्वास ठरत नाही.

शंकेचे निरसन होईपर्यंत फर्नेस बंद ठेवावी. तोवर ऊब हवी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवणे किंवा खोलीत कोळसे पेटवणे हे आगीतून फुफाट्यात जाण्यासारखे आहे, कारण कार्बन मोनॉक्साइड तेथेही तयार होतो. विजेचे हीटर वापरावेत. प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा. हे अलार्म आधीपासून असतील तर ते उलटे करून त्यांवरची तारीख पाहावी. त्यांतील सेन्सरचे आयुष्य साधारण ५ ते १० वर्षांचे असते आणि त्यानंतर, बटण दाबल्यावर आवाज येत असला तरी, वायू ओळखण्याची त्यांची क्षमता गृहीत धरता येत नाही.

तडा सिद्ध झाला तर माझे मत बदलण्याच्या बाजूचे आहे. अनेक उत्पादक हीट एक्सचेंजरवर १० किंवा २० वर्षांची, कधी त्याहून दीर्घ, हमी देतात. त्यामुळे सुटा भाग कदाचित विनामूल्य मिळेल, हे कागदपत्रे काढून जरूर पाहावे. परंतु तो बसवण्यासाठी जवळजवळ संपूर्ण फर्नेस उकलावी लागते, ती मजुरी हमीत सहसा येत नाही, आणि एवढे करून त्याभोवतीचा पंखा, नियंत्रक, गॅस व्हॉल्व्ह हे सारे १८ वर्षांचेच राहते. गॅसच्या फर्नेसचे आयुष्य साधारण १५ ते २० वर्षे धरतात, त्यामुळे हा खर्च वसूल होण्यास फारसा अवधी उरलेला नाही.

तडा सिद्ध झाला नाही, तर सेन्सर स्वच्छ करून फर्नेस चालू करावी आणि नव्या यंत्राची चौकशी निवांतपणे करावी.

दोन्ही परिस्थितींत एक प्रश्न मात्र तंत्रज्ञांना विचारावाच : यंत्रातून पुरेशी हवा वाहते आहे का? फिल्टर महिनोन्‌महिने न बदलणे, न वापरलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद करून ठेवणे, मुळातच अरुंद नलिका असणे, या कारणांनी हवा कमी पडते, हीट एक्सचेंजर प्रमाणाबाहेर तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. हे कारण दूर केले नाही तर नवी फर्नेसही त्याच वाटेने जाईल. तसेच फर्नेस आणि पाणी तापवणारी टाकी यांचे धूर एकाच चिमणीत जात असतील, तर हेही लक्षात ठेवावे की जास्त कार्यक्षमतेच्या नव्या फर्नेसला स्वतंत्र प्लास्टिकची धूरनळी लागते. मग जुन्या रुंद चिमणीत टाकीचा थोडासा धूर एकटाच उरतो. तो चिमणी नीट तापवू शकत नाही, वर ओढला जात नाही, आत पाणी सुटते आणि कधी कधी धूर घरातच परततो. नव्या फर्नेसचा अंदाजखर्च घेताना या चिमणीची तरतूद त्यात लिहून घ्यावी. ती अनेकदा राहून जाते.

प्रश्न : आमचा गॅस बॉयलर १४ वर्षांचा आहे. त्याच्या दाबमापकाचा काटा दर चार-पाच दिवसांनी अर्ध्या बारच्या खाली येतो आणि मला पाणी भरावे लागते. बॉयलर तापला की तोच काटा ३ बारजवळ जातो आणि बाहेरच्या भिंतीतील नळीतून पाणी ठिबकते. शिवाय काही रेडिएटर वरच्या बाजूस गरम आणि खाली थंडगार असतात. प्लंबर म्हणतात की बॉयलरच बदला. तो गळत असेल का?

उत्तर : आपण आकडे दिलेत आणि पाणी नेमके केव्हा ठिबकते हेही लिहिलेत, त्यामुळे काम बरेच सोपे झाले. आपल्या तिन्ही तक्रारी एकाच साखळीतील कड्या असण्याची दाट शक्यता आहे, आणि ती साखळी बॉयलरच्या अंतर्भागापासून सुरू झालेली दिसत नाही.

पाणी २० अंश सेल्सियसपासून ८० अंशांपर्यंत तापवले की त्याचे आकारमान सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. आपल्या नळांत आणि रेडिएटरमध्ये मिळून १०० लिटर पाणी असेल, तर जवळजवळ ३ लिटर जादा पाण्याला जागा लागते. ती जागा प्रसरणपात्र पुरवते. या पात्रात रबराच्या पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला यंत्रणेतले पाणी असते. पाणी फुगले की हवा दाबली जाते आणि जागा होते. वर्षानुवर्षे ही हवा थोडी थोडी निघून जाते किंवा पडदा फाटतो. मग फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही, दाब झपाट्याने चढतो, ३ बारला उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो, आणि यंत्रणा थंड झाल्यावर तेवढे पाणी कमी पडल्यामुळे काटा खाली येतो. थंड असताना १ ते १.५ बार हा दाब सर्वसाधारणपणे योग्य समजला जातो. आपण पाणी भरता, आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

आता रेडिएटरकडे वळू. बंद यंत्रणेतल्या जुन्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो, म्हणून आतले लोखंड टिकून राहते. आपण दर चार-पाच दिवसांनी ताजे पाणी भरता तेव्हा त्याबरोबर ताजा ऑक्सिजनही आत जातो, लोखंड गंजते आणि काळा, जड गाळ तयार होतो. तो रेडिएटरच्या तळाशी बसतो, गरम पाण्याला तेथून वाट मिळत नाही आणि खालचा भाग थंड राहतो. (याच्या उलट, रेडिएटर खाली गरम आणि वर थंड असेल तर आत हवा अडकलेली असते आणि ती चावीने सोडता येते. या दोन लक्षणांची गल्लत फार होते.)

तेव्हा प्लंबरना पहिली विनंती अशी करावी, की प्रसरणपात्राच्या हवेच्या व्हॉल्व्हची कळ क्षणभर दाबून पाहावी. तेथून पाणी आले तर पडदा फाटलेला आहे आणि पात्र बदलावे लागेल. जुने पात्र बॉयलरच्या मागे अडचणीच्या जागी असेल तर ते तसेच ठेवून नळजोडणीवर दुसरे पात्र बसवता येते. पाणी आले नाही तर बहुधा फक्त हवा कमी झालेली आहे. यंत्रणेतला दाब उतरवून ती पुन्हा भरता येते. वारंवार उघडलेला सुरक्षा व्हॉल्व्ह पुढे नीट बसत नाही आणि ठिबकतच राहतो, म्हणून तोही याच वेळी बदलून घेतलेला बरा. त्यानंतर रेडिएटरमधील गाळ धुऊन काढणे, परतीच्या नळावर चुंबकीय फिल्टर लावणे आणि पाण्यात गंजरोधक द्रव घालणे, ही कामे करून घ्यावीत.

हे काहीच न करता केवळ बॉयलर बदलला तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होईल. नव्या बॉयलरच्या हीट एक्सचेंजरमधील वाटा जुन्यापेक्षा अरुंद असतात. जुना गाळ तेथे जाऊन अडकला की एक-दोन हिवाळ्यांतच तो कुरकुर करू लागतो, आणि पाणी स्वच्छ केल्याची नोंद नसेल तर उत्पादक हमी नाकारू शकतो. म्हणजे गाळ धुण्याचा खर्च दोन्ही मार्गांत आहेच; तो दुरुस्तीचा जादा खर्च म्हणून मोजू नये.

माझे हे निदान चुकीचे ठरेल अशी एक परिस्थिती आहे. पात्र आणि सुरक्षा व्हॉल्व्ह ठीक केल्यावरही दाब उतरत राहिला, बाहेरची नळी कोरडी राहिली आणि जमिनीवर किंवा भिंतींवर कोठेही ओल आढळली नाही, तर मुख्य हीट एक्सचेंजर आतून गळत असण्याचा संभव आहे. १४ वर्षांच्या बॉयलरमध्ये तो बदलण्यापेक्षा नवा बॉयलर घेणे मलाही पटेल. त्याआधी मात्र नाही.

प्रश्न : दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यापेक्षा जास्त येत असेल तर नवे घ्यावे, असा नियम ऐकला आहे. तो कितपत खरा आहे? आणि नव्या यंत्रामुळे इंधनाचे बिल खरोखर किती कमी होते?

उत्तर : हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, एवढाच त्याचा गुण. दुरुस्त झालेले यंत्र आणखी किती वर्षे चालेल, गेल्या दोन हिवाळ्यांत त्यावर आधीच किती खर्च झाला आणि घरात इंधन किती जळते, यांतले काहीच तो विचारत नाही. मला स्वतःला दर वर्षाचा हिशेब अधिक विश्वासार्ह वाटतो.

नवी यंत्रणा बसवण्याचा एकूण खर्च १०० भाग आहे असे धरू, आणि ती २० वर्षे चालेल असे मानू. म्हणजे वर्षाला ५ भाग. जुन्या यंत्राच्या दुरुस्तीला १५ भाग लागतात. ती दुरुस्ती ४ वर्षे तारून नेईल असे वाटत असेल तर तिचा वार्षिक खर्च ३.७५ भाग होतो आणि दुरुस्ती स्वस्त दिसते. पण तंत्रज्ञांच्या मते यंत्र जेमतेम २ वर्षे रेटेल असे असेल, तर तोच खर्च वर्षाला ७.५ भागांवर जातो. दुरुस्ती नव्या यंत्राच्या निम्म्यापेक्षा कितीतरी कमी असूनही ती महाग ठरते.

यात इंधन मिळवावे. जुने यंत्र ८० टक्के कार्यक्षम आणि नवे ९५ टक्के असेल तर तेवढीच ऊब देण्यासाठी नव्याला सुमारे १६ टक्के इंधन कमी लागेल. (दोन आकड्यांची नुसती वजाबाकी करून १५ म्हणू नये, ८० ला ९५ ने भागून उरलेला भाग पाहावा.) जुने यंत्र फारच जुने, ७० टक्क्यांचे असेल तर ही बचत सुमारे २६ टक्के होते. आता मघाच्या मापाने वर्षाचे इंधन १२ भागांचे असेल, तर १६ टक्के बचत म्हणजे जवळजवळ २ भाग. नव्याचा खराखुरा वार्षिक भार ५ वरून ३ च्या आसपास येतो आणि तो ३.७५ च्या दुरुस्तीपेक्षाही हलका पडतो. याउलट लहान घरात वर्षाचे इंधन ५ भागांचेच असेल, तर बचत एका भागाहूनही कमी होते, नव्याचा भार ४.२ राहतो आणि दुरुस्तीच किफायतशीर ठरते. यंत्र तेच, दोष तोच, खर्चही तोच. पण दोन घरांची उत्तरे निराळी. शेजाऱ्यांनी काय केले हे विचारून म्हणूनच फारसा उपयोग होत नाही.

लेबलवरच्या ९५ टक्क्यांविषयी एक सावधगिरी. ही कार्यक्षमता धुरातील वाफ यंत्रातच निवून तिची उष्णता परत मिळाल्यामुळे साधते. नैसर्गिक वायूच्या धुरातील वाफ साधारण ५५ अंश सेल्सियसच्या खाली निवू लागते, त्यामुळे रेडिएटरकडून परतणारे पाणी त्याहून थंड असावे लागते. नवा बॉयलर बसवणारे लोक अनेकदा पाण्याचे तापमान जुन्यासारखेच ७५-८० अंशांवर ठेवून जातात. घर गरम होते, कोणाची तक्रार नसते, आणि ज्या बचतीसाठी पैसे मोजले तिचा बराचसा भाग चिमणीतून निघून जातो. पाण्याचे तापमान किती अंशांवर ठेवले आहे, हे बसवणाऱ्यांना त्याच दिवशी विचारावे.

आणि नवे यंत्र घेण्यापूर्वी घराकडे पाहावे. छतावरचे उष्णतारोधक अस्तर अपुरे असेल, खिडक्या-दारांच्या फटींतून वारा येत असेल, तर ती कामे आधी करावीत, कारण त्यानंतर घराला लागणारी ऊब कमी होते आणि लहान क्षमतेचे यंत्र पुरते. उलट क्रमाने केले तर आज गळक्या घरासाठी मोठे यंत्र घ्यायचे आणि उद्या घर बंदिस्त केल्यावर तेच यंत्र गरजेपेक्षा मोठे म्हणून सतत चालू-बंद होत राहायचे, असा प्रकार होतो. आपले जुने यंत्र मुळातच मोठे होते का, हे पाहायचे असेल तर वर्षातल्या सर्वांत थंड दिवशी बर्नर तासातून किती मिनिटे पेटतो ते मोजावे. एकाच वेगाने जळणारा बर्नर त्या दिवशीही अर्धाच तास पेटत असेल, तर त्याची क्षमता घराच्या गरजेच्या सुमारे दुप्पट आहे. ‘होते तेवढ्याच क्षमतेचे बसवतो’ असे कोणी म्हणाले तर ही नोंद त्यांच्यापुढे ठेवावी.

प्रश्न : आमचा हीट पंप १६ वर्षांचा आहे. त्यात दर वर्षी गॅस, म्हणजे शीतक, भरावा लागतो. असेच भरत राहावे का?

उत्तर : राहू नये. शीतक म्हणजे इंधन नव्हे. तो बंद वर्तुळात फिरत राहतो आणि वापरून संपत नाही. दर वर्षी भरावा लागतो याचा अर्थ तो कोठून तरी गळतो आहे, आणि गळती न शोधता भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. शीतक कमी असताना यंत्र चालत राहिले की कॉम्प्रेसर तापतो आणि शेवटी तोच जातो.

यंत्राच्या पट्टीवर शीतकाचे नाव वाचावे. तेथे आर-२२ असेल तर प्रश्न जवळपास सुटलाच. ओझोन थराला हानी पोहोचवणारा हा वायू १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये टप्प्याटप्प्याने बंद केला जात आहे. विकसित देशांत नव्या आर-२२ चा पुरवठा २०२० पासून जवळजवळ थांबला आहे, विकसनशील देशांसाठी तीच मुदत २०३० ची आहे, आणि जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला साठा दिवसेंदिवस दुर्मीळ होत जाणार. हीट पंपाचे आयुष्य साधारण १० ते १५ वर्षांचे समजतात. आपल्या यंत्राने ते पार केले आहे. शीतक दुसरा असेल आणि गळती एखाद्या सहज पोहोचता येईल अशा सांध्यात असेल, तर ती बुजवून आणखी एक-दोन वर्षे काढता येतील. गळती बाहेरच्या किंवा आतल्या कॉइलमध्ये असेल तर नवे यंत्र घ्यावे.

प्रश्न : आमचा बॉयलर २० वर्षांचा आहे, पण अजून एकदाही अडून बसलेला नाही. पुढेमागे तो काढून हीट पंप बसवावा असा मुलांचा आग्रह आहे. जुन्या रेडिएटरवर हीट पंप चालत नाही, असे काही जण सांगतात. चालते यंत्र आताच बदलावे, की बंद पडेपर्यंत वाट पाहावी?

उत्तर : चालते यंत्र आताच उपटून टाका, असे मी म्हणणार नाही. पण ‘बंद पडेपर्यंत वाट पाहू’ हा निर्णय वाटतो तितका तटस्थ नसतो. बॉयलर बंद पडतो तो ऐन थंडीत, कारण तेव्हाच त्याच्यावर सर्वाधिक भार असतो. घर गारठलेले असते, तंत्रज्ञ मिळत नाहीत, आणि ज्याच्याकडे जे यंत्र तयार असेल ते दोन दिवसांत बसवून घ्यावे लागते. अशा घाईत बहुतेक वेळा जुन्याच जातीचा आणि जुन्याच क्षमतेचा बॉयलर पुन्हा घरात येतो. हीट पंपासाठी घराची मोजणी, वीजजोडणीची क्षमता, बाहेरच्या युनिटची जागा, परवानग्या या सर्वांना काही आठवडे लागतात. त्यामुळे यंत्र भले आणखी तीन वर्षे चालवावे, पण निर्णय आताच करून कागदावर ठेवावा.

जुन्या रेडिएटरवर हीट पंप चालत नाही, हे विधान अर्धवट आहे. हीट पंप विजेच्या १ एककातून बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून सुमारे ३ एकके ऊब देऊ शकतो. पण पाणी जितके अधिक तापवायला सांगावे तितकी ही पट घटते, म्हणून तो ३५ ते ५० अंशांच्या पाण्यावर चालवणे हिताचे असते. अडचण रेडिएटरची आहे. खोली २० अंशांवर असताना रेडिएटरचे सरासरी तापमान ७० वरून ५० अंशांवर आणले की त्याच्याकडून मिळणारी ऊब जवळजवळ निम्मी होते. तेव्हा खरा प्रश्न असा, की आपल्या खोल्यांना निम्मी ऊब पुरते का? पुष्कळ घरांत ती पुरते, कारण रेडिएटर बसवतेवेळी ढोबळमानाने मोठेच बसवलेले असतात, आणि पुढे खिडक्या किंवा छताचे अस्तर बदलल्यामुळे घराची गरज आणखी घटलेली असते.

हे कोणावर विश्वास ठेवून मान्य करण्याची गरज नाही. आपला जुना बॉयलरच याची परीक्षा घेऊ शकतो. तो फक्त घर गरम करतो की नळाला गरम पाणीही देतो, हे आधी पाहावे. गरम पाण्याची टाकी असेल तर तिचे तापमान मात्र कमी करू नये, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात. म्हणून टाकी ६० अंशांवर ठेवतात. बॉयलर जुना असल्याने त्याच्या पुस्तिकेत किमान तापमान किती दिले आहे तेही तपासावे. वाफ निववण्यासाठी न बनलेला बॉयलर महिनोन्‌महिने थंड पाण्यावर चालवला तर आतून गंजतो, मात्र काही दिवसांच्या परीक्षेने फारसे बिघडत नाही. एवढी खातरजमा झाली की हिवाळ्यातल्या सर्वांत थंड आठवड्यात रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान ५० ते ५५ अंशांवर आणावे आणि यंत्रणा दिवसभर संथपणे चालू द्यावी. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास अशी नेहमीची वेळ त्या आठवड्यापुरती बाजूला ठेवावी, कारण हीट पंपही असाच संथ आणि सलग चालतो. प्रत्येक खोलीत एक साधा तापमापक ठेवून सकाळ-संध्याकाळचे आकडे आणि त्या वेळचे बाहेरचे तापमान वहीत लिहावे.

सर्व खोल्या उबदार राहिल्या तर रेडिएटरना हात लावण्याची गरज नाही. एखाद-दुसरी खोली मागे पडली, आणि ती बहुधा उत्तरेकडची किंवा दोन बाहेरच्या भिंती असलेली असेल, तर तेवढ्याच खोलीचा रेडिएटर मोठा करावा. निम्मे घर गारठले, तर हीट पंपाचा विचार पुढे ढकलून आधी छत आणि फटींचे काम काढावे आणि पुढच्या हिवाळ्यात हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. वहीतले हे आकडे अंदाजखर्च देणाऱ्या प्रत्येकापुढे ठेवावेत आणि खोलीवार उष्णतेच्या गरजेचा हिशेब लेखी मागावा. जे केवळ घराचे क्षेत्रफळ विचारून यंत्राची क्षमता सांगतील, त्यांचा अंदाज बाजूला ठेवलेला बरा.